छातीची संवेदना आणि संमतीचा कागद

कुष्ठरोग शोधमोहिमेच्या काळात सोलापूर जिल्ह्यातल्या वाड्यावस्त्यांवर आणि शहरातल्या पेठांमध्ये आशा कार्यकर्त्या घरोघर जातात, अंगावर फिकट किंवा लालसर बधिर चट्टा आहे का असे विचारतात आणि तसा चट्टा आढळला की त्या माणसाचे नाव लिहून घेऊन त्याला आरोग्य केंद्रात पाठवतात. मधुमेहाच्या तपासणीतही तळपायाला नायलॉनचा बारीक तंतू टेकवून स्पर्श कळतो का ते पाहिले जाते, आणि कळत नसेल तर अनवाणी चालू नका, रोज रात्री पाय पाहत जा, गरम पाण्यात पाय घालण्याआधी घरातल्या कुणाला तरी ते पाणी पाहायला सांगा, असे बजावले जाते. बधिर कातडीला धोका असतो, हे आपल्या आरोग्यव्यवस्थेला पक्के ठाऊक आहे. तरीही स्तनाच्या कर्करोगासाठी जिचा स्तन काढला जातो तिच्या छातीचा तळहाताएवढा, कधी त्याहूनही मोठा भाग शस्त्रक्रियेच्या टेबलावर बधिर होतो, तेव्हा तिला ते आधी सांगण्याची, नंतर विचारण्याची आणि केसपेपरवर लिहून ठेवण्याची रीत माझ्या पाहण्यात तरी नाही. ती रीत पडली पाहिजे आणि तिची सुरुवात संमतीच्या कागदापासून झाली पाहिजे, एवढेच मला येथे मांडायचे आहे.

आधी शरीरात काय घडते ते पाहू. स्तनाच्या त्वचेला संवेदना पुरवणाऱ्या नसा बरगड्यांच्या मधल्या जागांतून निघतात. साधारणपणे दुसऱ्या ते सहाव्या नसेच्या काही फांद्या छातीच्या मध्याकडून आणि काही काखेच्या बाजूने स्तनापर्यंत पोहोचतात. स्तनाग्राची संवेदना मुख्यतः चौथ्या नसेच्या काखेकडून येणाऱ्या फांदीवर अवलंबून असते, आणि ही फांदी ग्रंथींच्या तळाशी किंवा त्यांच्या आतून वाट काढत वर येत असल्यामुळे संपूर्ण ग्रंथी काढताना ती बहुतेक वेळा तुटतेच. सर्जन कितीही कसबी असला तरी यातून फारशी सुटका नाही, आणि म्हणूनच हा लेख सर्जनच्या हलगर्जीपणाविषयी नाही. आता काही ठिकाणी स्तनाग्र आणि वरची त्वचा राखून आतली ग्रंथी तेवढी काढतात. आरशात पाहता सारे जागच्या जागी दिसते, पण दिसणाऱ्या त्या स्तनाग्राला पूर्वीसारखा स्पर्श कळेल असे गृहीत धरता येत नाही. काखेतल्या गाठी काढताना दंडाच्या आतल्या बाजूकडे जाणारी एक नस वाटेत आडवी येते. ती ताणली गेली किंवा कापली गेली तर काख आणि दंडाची आतली बाजू सुन्न होते. काखेत पसरलेला आजार दिसत नसेल तेव्हा सगळ्या गाठी सरसकट न काढता आधी पहिल्या एक-दोन गाठी तपासण्याची पद्धत आल्यापासून हा त्रास कमी झाला आहे, मात्र आपल्याकडे बायका पुष्कळदा आजार वाढल्यावर येतात आणि मग काख मोकळी करण्यावाचून इलाज उरत नाही.

बधिरपणा म्हटले की आपल्याला वाटते, तिथे काहीच जाणवत नाही, एवढेच. प्रत्यक्षात बायका सांगतात ते पुष्कळ निराळे असते. वरून हात फिरवला तर कळत नाही आणि आतून मात्र चमक निघते, मुंग्या येतात, करंट बसल्यासारखे होते, काखेत दोरी ओढल्यासारखे वाटते, ब्लाउजचा काठ घासला तरी आग होते. काढलेल्या स्तनाला, अगदी स्तनाग्राला, खाज सुटल्याचा भास होतो आणि खाजवायला तिथे काहीच नसते. पाय कापलेल्या माणसाला नसलेल्या बोटांत ठणका लागतो त्याच जातीचा हा अनुभव आहे आणि तो वैद्यकशास्त्राला नवा नाही. डेन्मार्कमध्ये २००५ आणि २००६ साली स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झालेल्या तीन हजारांहून अधिक स्त्रियांना दोन-तीन वर्षांनी विचारले गेले, तेव्हा ४७ टक्के स्त्रियांनी शस्त्रक्रियेच्या भागात वेदना असल्याचे आणि ५८ टक्के स्त्रियांनी संवेदना बदलल्याचे सांगितले. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत ज्यांचा स्तन काढला त्या आणि ज्यांचा स्तन वाचवला त्या अशा दोघींचाही समावेश होता. कमी वयात झालेली शस्त्रक्रिया, काखेतल्या गाठी काढणे आणि किरणोपचार यांमुळे या वेदनांचा संभव वाढतो, हेही त्यातून दिसले. आपल्या देशात हा आजार पाश्चात्त्य देशांच्या तुलनेत साधारण दहा वर्षे आधीच्या वयात आढळतो, हे लक्षात घेतले की हा प्रश्न आपल्याला जास्तच लागू पडतो.

स्तनाची पुनर्रचना केली की संवेदनाही परत येईल, असा अनेकांचा समज असतो. सिलिकॉनचे इम्प्लांट बसवले तर ते त्वचेखाली किंवा स्नायूखाली राहते; वरच्या त्वचेच्या तुटलेल्या नसा त्याने जुळत नाहीत, आणि थंडीच्या दिवसांत ते इम्प्लांट आतून गार लागते अशी कित्येकींची तक्रार असते. पोटाच्या खालच्या भागातली कातडी आणि चरबी रक्तवाहिन्यांसह उचलून छातीवर बसवली तर कालांतराने आजूबाजूच्या नसा तिच्यात थोड्या शिरतात आणि इम्प्लांटपेक्षा काहीशी बरी संवेदना येते. त्या कातडीतली नस छातीवरच्या कापलेल्या नसेला सूक्ष्मदर्शकाखाली जोडून देण्याची शस्त्रक्रियाही आता केली जाते, तिचे निष्कर्ष आशादायक असले तरी सर्वांमध्ये सारखे नाहीत. तुटलेली नस दिवसाला साधारण एक मिलिमीटर या वेगाने वाढते, म्हणजे जी काही सुधारणा व्हायची ती महिन्यांच्या, कधी वर्षांच्या हिशेबाने होते. जे परत येते तेही बहुधा दाब आणि ढोबळ स्पर्श इतकेच असते. ऊन-गार यांतला फरक आणि शरीरसुखाशी जोडलेली ती नाजूक जाणीव पूर्वीसारखी परतणे दुर्मीळ आहे.

ऊन-गार कळणे ही सोलापुरात चैनीची बाब नव्हे. एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीसच्या वर जातो, तेव्हा उघड्यावर भाजी विकणाऱ्या बाईच्या किंवा पत्र्याच्या घरात मांडीवर सूप घेऊन दिवसभर विड्या वळणाऱ्या बाईच्या अंगाला चटका कधी बसतो, ते तिला तिची कातडी सांगते. कडक भाकरी करणारी बाई चुलीच्या धगीपुढे बसते तेव्हा त्या धगीला सर्वांत जवळ तिचे हात आणि छाती असते. हात पोळला तर ती मागे घेईल, छाती पोळली तर तिला कळणारच नाही. पुनर्रचनेनंतरच्या त्वचेत रक्तपुरवठाही आधीसारखा राहत नसल्यामुळे उष्णता वाहून नेण्याची तिची शक्ती घटते आणि एरवी सोसवेल अशा तापमानानेही फोड येऊ शकतो; गरम पाण्याच्या पिशवीने, शेकण्याच्या पॅडने, इतकेच काय नुसत्या उन्हानेही पुनर्रचित स्तन भाजल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत.

माझ्या ओळखीतल्या एका काकूंची शस्त्रक्रिया एका मोठ्या शहरातल्या रुग्णालयात झाली आणि पोटाची कातडी घेऊन त्यांचा स्तन नव्याने घडवण्यात आला. काम सुबक झाले, टाके सुंदर भरून आले, फाइल जाडजूड होती. पहिल्याच हिवाळ्यात खांदा आखडला म्हणून त्यांनी गरम पाण्याची पिशवी पदराखाली धरली आणि टीव्ही पाहता पाहता तशाच झोपल्या. सकाळी ब्लाउज अंगाला चिकटला, तो ओला करून सोडवताना कातडीचा पापुद्रा निघाला, तेव्हा सुनेला कळले की रात्रभर काय झाले. काकूंना तोपर्यंत काहीही दुखले नव्हते. त्या जाडजूड फाइलमध्ये आहाराचे, व्यायामाचे, पुढच्या तारखांचे कागद होते; ‘या भागाला शेक देऊ नका’ हे एक वाक्य त्यात कुठेही नव्हते. पदराची पिन टोचून ब्लाउजवर रक्ताचा डाग आला तरी समजत नाही, हे त्यांनी नंतर सहज बोलता बोलता सांगितले, आणि तेव्हापासून त्या पिन खांद्याच्या निरोगी बाजूलाच लावतात. ही युक्ती त्यांची त्यांनी शोधली.

आता संमतीचा प्रश्न. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २००८ मध्ये समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा या खटल्यात दिलेला निकाल वैद्यकीय संमतीच्या बाबतीत आपल्याकडे पायाभूत मानला जातो. तपासणीसाठी भूल दिलेल्या एका स्त्रीचे गर्भाशय आणि बीजकोश, तिच्या आईची संमती घेऊन, त्याच वेळी काढण्यात आले होते. ती सज्ञान होती आणि शुद्धीवर येईपर्यंत थांबता येत होते, म्हणून ही संमती न्यायालयाने मान्य केली नाही. उपचाराचे स्वरूप, त्याचे परिणाम, दुसरे पर्याय आणि ठळक धोके रुग्णाला पुरेसे सांगितल्यावर मिळालेली संमतीच खरी संमती, असे न्यायालयाने म्हटले; त्याचबरोबर अगदी दुरान्वयाने संभवणारे, केवळ पुस्तकी धोके सांगत बसण्याचे बंधन डॉक्टरवर नाही, अशी समंजस मर्यादाही घातली. या मर्यादेच्या कोणत्या बाजूला छातीचा बधिरपणा येतो, हा माझा सवाल आहे. स्तन काढल्यावर छातीची संवेदना जाणे ही दुर्मीळ गुंतागुंत नसून शस्त्रक्रियेचा जवळजवळ ठरलेला परिणाम आहे. संमतीपत्रात भुलेचे धोके, रक्तस्राव, जंतुसंसर्ग, अगदी मृत्यूची शक्यताही छापलेली असते. क्वचित घडणाऱ्या इतक्या गोष्टी ज्या कागदावर आहेत त्यावर हमखास घडणारी ही गोष्ट नसावी, याचे समर्थन कसे करायचे?

समर्थन करतात ते असे. पहिले म्हणणे असते की जीव वाचवण्याची वेळ असताना असल्या गोष्टी काढल्या तर बाई घाबरेल, शस्त्रक्रिया टाळेल, कुणाच्या तरी झाडपाल्याची वाट धरेल. ही भीती निराधार नाही. गाठ दुखत नाही म्हणून महिनोन्‌महिने अंगावर काढणाऱ्या बायका अक्कलकोट, मंगळवेढा, करमाळ्याकडून आजही येतात आणि त्यांना आणखी एक सबब द्यावी असे कोणत्याच डॉक्टरला वाटणार नाही. पण ज्या बाईने स्तन जाणार हे स्वीकारले आहे ती कातडी सुन्न होईल या वाक्याने माघार घेईल, हे मला पटत नाही. उलट न सांगण्याचा तोटा मी पाहिला आहे. शस्त्रक्रियेनंतर चार-सहा महिन्यांनी छातीत चमका सुरू झाल्या की बाईच्या मनात पहिला विचार येतो तो आजार उलटल्याचा. ती कुणाला सांगत नाही, रात्र रात्र जागते, आणि शेवटी तपासण्यांवर पैसे घालवून कळते की त्या चमका नसांच्या होत्या. हे आधी माहीत असते तर दुखण्याचे दुखणे उरले असते, धास्ती गेली असती. अर्थात नवी गाठ, लाली, वाढत जाणारी वेदना दाखवायलाच हवी. पण कोणती वेदना अपेक्षित आहे हे ठाऊक असल्याशिवाय अनपेक्षित वेदना तरी कशी ओळखायची?

दुसरे म्हणणे वेळेचे. सरकारी ओपीडीची गर्दी ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे म्हणणे उडवून लावता येणार नाही. मात्र ही माहिती सर्जननेच द्यावी असे कुठे आहे? परिचारिका, समुपदेशक, फिजिओथेरपिस्ट यांपैकी कुणीही ती पाच मिनिटांत सांगू शकते.

तिसरे म्हणणे उघड बोलले जात नाही, आणि मला ते सर्वांत महत्त्वाचे वाटते. छातीच्या संवेदनेचा विषय काढला की तो शरीरसुखाकडे जातो आणि आपल्या दवाखान्यांत त्याबद्दल बोलायला कुणी तयार नसते. पन्नाशीच्या बाईला ‘आता या वयात काय करायचंय’ असे नातेवाईकच परस्पर उत्तर देऊन टाकतात. चाळिशीच्या आतल्या बाईला ते विचारण्याची लाज वाटते. विधवा असेल तर प्रश्नच मिटला असे सगळ्यांनी धरलेले असते. स्तन हा दिसण्याचा अवयव आहे, दिसणे परत आणून दिले की भरपाई झाली, अशी समजूत या सगळ्यामागे आहे. पुनर्रचनेच्या जाहिरातींतही आधीचे आणि नंतरचे फोटो असतात आणि फोटोत स्पर्श दिसत नाही. म्हणून बाई असे समजून भूल घेते की तिचा स्तन तिला परत मिळणार आहे, आणि पट्ट्या निघाल्यावर तिला कळते की जे मिळाले आहे ते दुसऱ्याच्या डोळ्यांसाठी पुरेसे असले तरी तिच्या स्वतःच्या हाताला ते परके लागते. नवऱ्यालाही काही सांगितलेले नसते. हात लावला तर दुखेल या भीतीने तो दूर राहतो, ती त्याचा अर्थ किळस असा लावते, आणि दोघेही त्यावर कधी बोलत नाहीत. यात कुणाचाच दोष नसतो, पण एका बैठकीत दोघांना एकत्र बसवून कुठे कळेल, कुठे कळणार नाही, कुठे हात लावल्याने काही बिघडत नाही, एवढे सांगितले असते तर पुष्कळ संसार हलके झाले असते. गोळ्यांवर गोळ्या लिहून देताना एवढे बोलायला संकोच का वाटावा, हे मला खरोखरच उमगत नाही.

संवेदनेची माहिती आधी मिळणे आणखी एका कारणासाठी आवश्यक आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकी सर्जन हॉल्स्टेड यांनी स्तनासोबत छातीचे स्नायूही काढण्याची शस्त्रक्रिया रूढ केली आणि पुढची कित्येक दशके तीच योग्य मानली गेली. २००२ साली अमेरिका आणि इटली या दोन देशांतल्या वीस वर्षांच्या पाहण्या प्रसिद्ध झाल्या, आणि आजार लवकरच्या टप्प्यात असेल तर केवळ गाठ काढून किरणोपचार घेणाऱ्या स्त्रिया संपूर्ण स्तन काढलेल्या स्त्रियांइतक्याच जगतात, हे त्यातून सिद्ध झाले. गाठ काढण्याच्या शस्त्रक्रियेतही संवेदना थोडीफार बदलते, पण बरीचशी राहते. असे असूनही आपल्याकडे ‘सगळंच काढून टाका, कटकट नको’ असा निर्णय घरातले पुरुष पटकन घेतात, कारण किरणोपचारासाठी तीन ते पाच आठवडे रोज यायचे म्हणजे एसटीचे भाडे, सोबतीला येणाऱ्याचा बुडणारा रोजगार आणि शहरात राहायची सोय हे सगळे आले. हा हिशेब खोटा नाही आणि गरीब घराने तो करू नये असे म्हणण्याचा अधिकार मला नाही. फक्त त्यात एका बाजूला एसटीचे भाडे मांडले जात असेल तर दुसऱ्या बाजूला बाईच्या शरीराची कायमची जाणीवही मांडली गेली पाहिजे, आणि मांडणारी ती स्वतः असली पाहिजे.

यासाठी लागणारी साधने कोणत्याही तालुक्याच्या दवाखान्यात आहेत. कापसाचा बोळा, बोथट पिन, गार आणि कोमट पाण्याच्या दोन परीक्षानळ्या, आणि कुष्ठरोग विभागात आधीपासून वापरात असलेले नायलॉनचे तंतू. टाके काढण्याच्या दिवशी परिचारिकेने छातीच्या छापील आकृतीवर बधिर भाग पेनने आखावा, एक प्रत बाईच्या हातात द्यावी, सहा महिन्यांनी आणि वर्षाने पुन्हा आखावा. चमका आणि जळजळ असेल तर नसांच्या वेदनेवर चालणारी औषधे आहेत, मऊ-खरखरीत कापडांनी त्वचेला हळूहळू सरावण्याचे व्यायाम आहेत, खांद्याचे व्यायाम आहेत. ते लिहून देण्यासाठी आधी कुणीतरी विचारायला हवे. केमोथेरपीतल्या काही औषधांनी बोटांची टोकेही सुन्न होतात, आणि विडीच्या पानाची कड बोटाने दुमडून पोट भरणाऱ्या बाईला तोही प्रश्न याच वेळी विचारला पाहिजे. माहितीचा कागद मराठीबरोबर तेलुगू, कन्नड आणि उर्दूतही हवा. सोलापुरात निवडणुकीची पत्रके या भाषांमधून निघू शकतात, तर हा एक कागदही निघू शकतो. त्यावर ‘शेक घेऊ नका, पिन सांभाळा, उन्हात छाती झाका, रोज आरशात पाहा’ अशा चार ओळी असल्या तरी पुरे.

हे सोलापूर जिल्ह्यात होण्यासारखे नाही असे कुणी म्हणू नये. देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी १९८७ साली याच जिल्ह्यातल्या बार्शीत सुरू झाली आणि बार्शीच्या नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालयाने मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाच्या साथीने शेजारच्या तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यातल्या लाखाहून अधिक स्त्रियांमध्ये गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची चाचणी घेऊन जगाने दखल घ्यावी असे निष्कर्ष २००९ साली मांडले. गावोगाव फिरून, शेताच्या बांधावर बायकांशी बोलून ते काम झाले, आणि तोही विषय लाजेचाच होता. २०२२ साली भारतात स्तनाच्या कर्करोगाचे अंदाजे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण आढळले. त्यांतल्या ज्या स्त्रिया जगल्या त्यांचे पुढे काय झाले याची मोजणी जिवंत-मृत या दोन रकान्यांत संपते. तिसरा रकाना वेदनेचा आणि संवेदनेचा असावा. काखेतली ती नस राखली तेव्हा किती जणींचा दंड शाबूत राहिला, पोटाची कातडी बसवलेल्यांना वर्षाने काय कळू लागले, किती जणी भाजल्या, हे त्या रकान्यातून पाच-सात वर्षांत दिसू लागेल, आणि मग इथल्या सर्जनला पुढच्या बाईपुढे संमतीचा कागद ठेवताना डेन्मार्कचा आकडा सांगावा लागणार नाही.